कारण : लग्न



या वेळी तुमच्याशी बोलायला बसले आहे ती एक कबुली द्यायची म्हणून.

२०११ साली मी समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होते. क्षेत्रकार्यासाठी पुण्यातली एक वस्ती वाट्याला आली होती. तिथल्या घरांची पाहणी करायची होती. हातात पॅड, पॅडला लावलेले छापील फॉर्म आणि मनात एकच घाई : ऊन चढायच्या आत वीस घरं उरकायची. एका दारात एक मावशी तांदूळ निवडत बसल्या होत्या. मूळ गाव? जालना जिल्ह्यातलं निघालं. पुण्यात येऊन किती वर्षं झाली? “थोरलं पोरगं पोटात होतं तवा आले. आता त्याला सतरावं लागलंय.” पुढचा प्रश्न होता गाव सोडण्याच्या कारणाचा. तो मी विचारलाच नाही. “लग्न होऊन आलात ना?” असं म्हणता म्हणताच मी ‘लग्न’ या शब्दापुढे खूण केली. मावशींनी मान हलवली आणि मी पुढच्या दाराकडे वळले.

जी बाई पोटात पोर घेऊन आली, ती ‘लग्न होऊन’ आलेली नसणार, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही. पुढे ओळख वाढली, तेव्हा एका दुपारी मावशींनी सगळं सांगितलं. लग्न गावाकडेच झालं होतं. सासरची तीन एकर कोरडवाहू जमीन, आटलेली विहीर आणि सावकाराचं देणं. नवरा जमीन सोडायला तयार नव्हता. तेव्हा मावशीच जावेला सोबत घेऊन पुण्याला आल्या, एका बांधकामावर बिगारी म्हणून लागल्या आणि सातव्या महिन्यापर्यंत त्यांनी विटा वाहिल्या. नवरा आला तो मागून, बाळंतपणाच्या सुमारास. म्हणजे त्या घरात कामासाठी गाव सोडलं ते मावशींनी, आणि ‘कुटुंबामागे’ आला तो त्यांचा नवरा!

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“तुम्ही इचारलं कुठं? तुम्ही तर सांगितलंत,” मावशी म्हणाल्या.

फॉर्म तोवर जमा झाले होते. मी ते परत मागितले नाहीत. दुसरी चूक तर अहवाल हातात पडल्यावर कळली. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या या बाईपुढे कामाच्या रकान्यात मी घाईघाईने ‘घरकाम’ लिहिलं होतं. तक्ते करणाऱ्याने त्याचा अर्थ स्वतःच्या घरातलं काम असा घेतला. त्यामुळे सतरा वर्षं स्वतःच्या कष्टावर घर चालवणारी बाई आमच्या अहवालात ‘लग्नामुळे आलेली, न कमावणारी’ म्हणून बसली. ती तिथे अजूनही तशीच बसलेली असेल.

एका विद्यार्थिनीची चूक म्हणून ही गोष्ट मी विसरूनही गेले असते. पण त्यानंतरची सगळी वर्षं वस्त्यांमधून आणि गावांमधून बायकांबरोबर काम करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. मी त्या दारात जे केलं, तेच आपला देश कोट्यवधी बायकांच्या बाबतीत करत आला आहे. आता लवकरच पुन्हा एकदा साऱ्या देशाच्या दारांवर थाप पडणार आहे. म्हणून हा विषय.

आधी आकडे पाहू. आकडे म्हटलं की आपल्यातल्या अनेकींना कंटाळा येतो, मलाही येतो. पण हे आकडे आपल्याविषयीचे आहेत, आणि आपल्याला न विचारता केलेले आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ४५ कोटींहून अधिक माणसं स्थलांतरित होती, म्हणजे आधीचं राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे आलेली. त्यांतल्या सुमारे ३१ कोटी बायका होत्या. या ३१ कोटींपैकी २० कोटींहून अधिक जणींच्या नावापुढे कारण होतं – लग्न. म्हणजे तिघींपैकी दोघी. पुढे २०२०-२१ साली केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणात स्थलांतराविषयी प्रश्न विचारले गेले. त्यात पुरुषांमधलं स्थलांतरितांचं प्रमाण १०.७ टक्के निघालं आणि स्त्रियांमधलं ४७.९ टक्के. देशातली जवळपास दर दुसरी बाई स्थलांतरित! आणि या बायकांपैकी ८६.८ टक्के जणींचं कारण पुन्हा तेच – लग्न.

हे उत्तर खोटं आहे असं मी म्हणत नाही. आपल्याकडे लग्नानंतर घर सोडायचं ते मुलीने, हा रिवाज इतका अंगवळणी पडला आहे की त्याला कोणी स्थलांतर म्हणतच नाही. एरवी माणूस गाव सोडून गेला की ‘तिथे त्याचं रेशनकार्ड चालेल का, ओळखीचं कोण आहे, दवाखाना कुठला’ असे प्रश्न विचारले जातात. मुलगी सासरी जाते तेव्हा यातला एकही प्रश्न सरकारी धोरणात उमटत नाही. वास्तविक माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला, सासरच्या कार्डावर नाव चढवणं, आधारवरचं बदललेलं नाव, मतदार यादी, रहिवासाचा पुरावा – हे सगळे खेटे एका स्थलांतरिताचेच असतात. २०२४ साली ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा हे उघड झालं. परराज्यात जन्मून लग्नाने महाराष्ट्रात आलेल्या बायकांकडे इथल्या जन्माचा वा शाळेचा दाखला कुठून असणार? शेवटी अशा बाईसाठी नवऱ्याची कागदपत्रं चालतील, अशी दुरुस्ती सरकारला करावी लागली. ती गरजेची होतीच. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईने कोणाची कागदपत्रं आणायची? लग्नाने होणारं स्थलांतर हे धोरणात विचारात घेण्याजोगं स्थलांतर आहे असं आधीच मानलं असतं, तर हा प्रश्न योजना जाहीर झाल्यानंतर सुचला नसता.

दुसरी अडचण अशी, की जनगणनेच्या फॉर्मवर कारण लिहायला जागा एकच असते. २०११ साली सात पर्याय होते : काम वा नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवलं, कुटुंबासोबत आले आणि इतर. यांतला एकच निवडायचा. लग्न होऊन शहरात आलेली आणि पुढच्याच आठवड्यापासून नणंदेबरोबर कामाला जाऊ लागलेली मुलगी कुठे बसवायची? लग्न ठरवतानाच सासरच्यांनी ‘कामाला जाईल ना?’ असं विचारून घेतलं असेल, तर कारण लग्न की काम? मारहाण सोसवेना म्हणून दोन मुलं घेऊन माहेरी परतलेली बाई? ती ‘इतर’. आणि मराठवाड्यातून पाण्यापायी उठलेली कुटुंबं? १९९१ च्या जनगणनेत कारणांच्या यादीत ‘नैसर्गिक आपत्ती’ होती. २००१ पासून ती वगळली गेली. म्हणजे आपला दुष्काळसुद्धा ‘इतर’!

कामाचा प्रश्न जनगणनेत वेगळा विचारला जातो, हे मला ठाऊक आहे. तो नीट विचारला आणि उत्तर त्या बाईनेच दिलं, तर चित्र बरंच सुधारेल. पण दारात उत्तर देतं कोण? घरातला कर्ता पुरुष. आणि तो सांगतो, ‘ती घरीच असते.’

याचा परिणाम धोरणावर काय होतो, ते पाहण्यासाठी मी तुम्हाला उसाच्या फडावर घेऊन जाते.

दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी अशा जिल्ह्यांतली गावं रिकामी होऊ लागतात. ट्रक-ट्रॅक्टरमधून भांडीकुंडी, शेळ्या आणि लेकरं घेऊन माणसं पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ती परततात गुढीपाडव्याच्या सुमारास. या कामात मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती जोडीला, पण पैसे घेतो नवरा आणि अंगठा वा सही त्याचीच. ऊस तोडायला दोघं असतात. मोळ्या बांधून, डोक्यावर वाहून गाडी भरायला बाई असते. पहाटे तीनला उठून भाकरी थापायला तर ती एकटीच. एक दिवस काम चुकलं तर खाडा पडतो आणि तो पैशांत वळता होतो. मात्र हिशेबाच्या वहीत ती स्वतंत्र मजूर नसते. ती अर्धा कोयता असते.

आता सांगा, महाराष्ट्रात ऊसतोड कामगार किती? कोणी आठ लाख सांगतं, कोणी बारा, कोणी पंधरा. त्यांत बायका किती, याचं उत्तर ‘निम्म्या असतील’ असं मोघम मिळतं. सबंध राज्याच्या साखरेचा पोत्यागणिक हिशेब असतो. ती साखर ज्यांच्या हातून येते त्या हातांचा नसतो.

याला कारण आहे. हंगामी स्थलांतराची राष्ट्रीय पातळीवरची मोठी मोजणी २००७-०८ च्या नमुना पाहणीत झाली. तीत वर्षभरात एक ते सहा महिने कामासाठी बाहेर राहणाऱ्यांना अल्पकालीन स्थलांतरित मानलं होतं. हंगाम सहा महिन्यांच्या पुढे लांबला की माणूस त्या व्याख्येतून निसटतो. शिवाय पाहणी करणारा गावात येतो तेव्हा घराला कुलूप असेल तर माहिती देणार कोण? एकटा पुरुष बाहेर गेलेला असेल तर मागे राहिलेली बायको सांगते, ‘ते मुंबईला आहेत.’ पण बिऱ्हाडच उठून गेलेलं असेल तर ते सांगायलाही गावात कोणी उरत नाही. आणि बायका नेमक्या अशा बिऱ्हाडांबरोबरच जातात.

जनगणनेचीही गंमत पाहा. २०११ ची माणसांची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीला. २०२७ चीसुद्धा फेब्रुवारीतच ठरली आहे आणि तिचा संदर्भक्षण आहे २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागतानाची मध्यरात्र. फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. मोजणीच्या सबंध काळात जे नेहमीच्या घरी नसतील त्यांची गणना जिथे सापडतील तिथे करावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण कोप्या असतात फडाच्या कडेला, गावाच्या हद्दीवर, एखाद्या मोकळ्या माळावर. प्रगणक दिवसा येणार, आणि बायका पहाटेच फडात गेलेल्या. कोपीत सापडणार ती दहा वर्षांची मुलगी, कडेवर धाकट्या भावाला घेऊन बसलेली. तिला विचारणार, आई किती वर्षांची? काय काम करते?

आणि ही बाई मोजलीच गेली नाही, तर तिच्यासाठी काही होत नाही. अंगणवाडी मंजूर होते लोकसंख्येवर. साधारण चारशे ते आठशे वस्तीमागे एक. कोप्यांची वस्ती कोणत्याच गावाच्या लोकसंख्येत नसेल तर तिथल्या पोरांची अंगणवाडी कुठून येणार? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लसी, औषधं, परिचारिका हे सगळं गावच्या आकड्यावर चालतं. हंगामात त्या परिसरात शेकडो गरोदर बायका वाढतात, पण कागदावर वाढत नाहीत. कायद्याचंही तेच. स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा जो कायदा होता तो फक्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेत त्याचा समावेश झाला आणि व्याख्या थोडी रुंदावली, तरी ‘आंतरराज्य’ ही अट राहिलीच. बीडहून बेळगावला गेलेली बाई स्थलांतरित मजूर, आणि बीडहून कोल्हापूरला गेलेली कोण?

मोजल्याने काय होतं, याचंही उदाहरण याच फडावर आहे. बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जात आहेत, हे कार्यकर्त्या कित्येक वर्षं सांगत होत्या. ‘अशा एखाद-दुसऱ्या केसेस असतात’ असं उत्तर मिळायचं. २०१९ साली वर्तमानपत्रांनी हा विषय लावून धरला आणि राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहा जणींमागे एक! त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ साली, देशाचं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. त्यानंतर ‘एखाद-दुसरी केस’ म्हणण्याची कोणाची प्राज्ञा राहिली नाही. बीडमध्ये ही शस्त्रक्रिया करण्याआधी खासगी दवाखान्यांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीचं बंधन आलं. ऊसतोड कामगारांची ग्रामसेवकांमार्फत नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचा निर्णय झाला. प्रश्न सुटला असं नाही. फडावर आजही संडास नाही आणि खाड्याची भीती आहे. पण बायकांचं दुखणं आकड्यात उतरल्यावर सरकारला त्याची दखल घ्यावीच लागली. बायका जे तोंडाने सांगत होत्या तेच आकडा सांगत होता. फरक इतकाच की आकड्याला ‘तुझा गैरसमज झालाय’ असं म्हणता येत नाही.

आणि मोजलं नाही की काय होतं, ते आपण सगळ्यांनी २०२० साली पाहिलं. मार्चच्या अखेरीस टाळेबंदी झाली आणि रस्ते चालणाऱ्या माणसांनी भरून गेले. किती माणसं कुठल्या शहरातून कुठे जातील याचा अंदाज सरकारकडे नव्हता. सप्टेंबरमध्ये श्रम मंत्रालयाने लोकसभेत सांगितलं की एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले. आणि वाटेत किती मेले, या प्रश्नावर उत्तर होतं, अशी माहिती ठेवलेली नाही. तो दिवस होता १४ सप्टेंबर २०२०. मी ती बातमी दोनदा वाचली. माहिती नसली की नुकसानभरपाईचा प्रश्नच उरत नाही, हा हिशेब तेव्हा लख्ख कळला.

त्यानंतर काहीच झालं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झालं. त्यावर ३० कोटींहून अधिक नोंदी झाल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या आहेत. एका राज्याचं रेशनकार्ड दुसऱ्या राज्यात चालण्याची सोय २०२२ पर्यंत देशभर पोचली. पण ई-श्रमवरची नोंद म्हणजे एकदा काढलेला फोटो. बाई दिवाळीत निघाली, पाडव्याला परतली, हे त्या फोटोत दिसत नाही. आणि रेशनचं म्हणाल तर, अन्नसुरक्षा कायद्याखाली ८१.३५ कोटी लोकांना धान्य द्यायचं ही मर्यादा २०११ च्या लोकसंख्येवरून काढलेली आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मधल्या काळात जन्मलेली मुलं शाळेत जाऊ लागली, तरी धान्याचा कोटा जुन्या आकड्यावर. २०११ च्या स्थलांतराचे तक्ते तरी कधी मिळाले? ते २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने येत राहिले. आठ वर्षांनी हाती येणाऱ्या माहितीवर कोणतं धोरण आखायचं?

हे होऊ शकत नाही असं नाही. केरळने करून दाखवलं आहे. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेतल्या के. सी. झकारिया आणि इरुदया राजन यांनी १९९८ साली घरोघर जाऊन केरळ स्थलांतर पाहणी सुरू केली. ती ठरावीक वर्षांनी होत राहिली. २०२३ मध्येही झाली. परदेशी गेलेल्यांमध्ये बायकांचा वाटा २०१८ साली १५.८ टक्के होता, तो २०२३ मध्ये १९.१ टक्के झाला, हे त्या राज्याला सांगता येतं. आपल्याला बीडमधून गेलेल्या बायकांची नुसती संख्याही सांगता येत नाही. आपल्याच महिला व बाल विकास विभागाने अलीकडच्या वर्षांत गरोदर बायका, स्तनदा माता आणि लहान मुलं यांची स्थलांतराची नोंद ठेवण्याची प्रणाली सुरू केली आहे. गावची अंगणवाडी सेविका नोंद करते, म्हणजे जिथे पोचतील तिथल्या अंगणवाडीत त्यांना पोषण आहार आणि लस मिळावी. कल्पना उत्तम आहे. पण नोंद करणारी सेविका आधीच वहीखाली दबलेली आहे, आणि तिकडच्या सेविकेला हे ‘आपलं’ काम वाटायला हवं.

एक भीतीही बोलून दाखवते. नोंद म्हटलं की गरीब माणूस दचकतो, आणि त्याचं दचकणं बिनबुडाचं नाही. २०२५ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत बंगाली बोलणाऱ्या मजुरांना संशयावरून पकडलं गेलं. त्यांतल्या काही भारतीय नागरिकांना सीमेपलीकडे धाडून नंतर परत आणावं लागलं. अशा वातावरणात ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न साधा राहत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमाने जनगणनेतली व्यक्तिगत माहिती गुप्त ठेवली आहे. ती कोणाला पाहता येत नाही, आणि त्या कायद्याखालचे गुन्हे सोडले तर न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे वस्त्यावस्त्यांतून सांगायला हवं. आणि सरकारलाही बजावायला हवं की मोजणी ही सोयी पोचवण्यासाठी आहे. ती पोलिसांच्या यादीला जोडली गेली, तर उद्या कोणी खरं उत्तर देणार नाही आणि सगळी मेहनत पाण्यात जाईल.

तर आपण काय मागायचं? संघटनेच्या बैठकांमध्ये यावर बोलणं झालं, त्यातून निघालेल्या मागण्या इथे मांडते. भर घालावी.

१. स्थलांतराचं कारण विचारताना एकापेक्षा जास्त कारणं नोंदवता यावीत. बाईचं उत्तर शक्यतो बाईनेच द्यावं, आणि ‘इथे आल्यावर काय काम करता?’ हा प्रश्न तिला न चुकता विचारला जावा. टाकलेली, परतलेली, हिंसाचारापायी निघालेली बाई ‘इतर’मध्ये हरवू नये. दुष्काळ आणि पूर पुन्हा कारणांच्या यादीत यावेत.

२. फेब्रुवारीतली मोजणी कोप्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर संध्याकाळी किंवा भल्या पहाटे व्हावी. टोळ्या कुठे उतरल्या आहेत हे कारखान्यांना माहीत असतं. त्या याद्या प्रगणकांना द्याव्यात.

३. ग्रामपंचायतीत स्थलांतराची वही असावी. गाव कोणी सोडलं, कुठे गेले, बरोबर कोण, कोण गरोदर, कोणत्या मुलाची शाळा सुटली हे तिच्यात असावं. बाईचं नाव तिच्या स्वतःच्या ओळीवर लिहावं. ‘व पत्नी’ असं नको.

४. केंद्राच्या सांख्यिकी खात्याने जुलै २०२६ ते जून २०२७ या काळासाठी देशव्यापी स्थलांतर सर्वेक्षण जाहीर केलं आहे. त्याचे निष्कर्ष बायका-पुरुषांसाठी वेगळे मिळावेत आणि वर्ष-दोन वर्षांत हाती यावेत. महाराष्ट्राने केरळसारखी स्वतःची पाहणी दर पाच वर्षांनी करावी, आणि ती हंगाम पाहून करावी.

५. आकडे आल्यावर त्यांचं काय केलं, हेही सरकारने सांगावं. अमुक तालुक्यात हंगामात इतक्या बायका वाढतात, म्हणून इतके संडास, इतक्या पाळणाघरांची तरतूद. असा दुवा जोडला गेला नाही तर आकडा नुसता छापून पडून राहील.

या मागण्या सरकारकडे. पण काही गोष्टी आपल्या दारातच करायच्या आहेत. या वेळची जनगणना मोबाइलवर होणार आहे आणि घरबसल्या स्वतः माहिती भरण्याचीही सोय आहे. सोय छानच, पण मोबाइल कोणाच्या हातात असेल? रविवारी सकाळी चहा घेता घेता घरातला पुरुष सगळ्यांची माहिती भरून टाकेल. बायकोपुढे ‘लग्न’, आईपुढे ‘लग्न’, कामापुढे ‘काही नाही’. बाहेरच्या खोलीत बसून ती शिवणकाम करते, डबे करते, शिकवण्या घेते, हे त्याच्या लक्षातही येणार नाही. म्हणून त्या वेळी शेजारी बसा. आपली माहिती आपण सांगा. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशीही एकदा बोला. ‘घरकाम’ एवढंच सांगू नका. ‘दुसऱ्यांच्या घरी पगारावर काम करते’ असं सांगा, म्हणावं. २००८ साली महाराष्ट्राने कायदा करून त्यांना ‘घरेलू कामगार’ हे नाव दिलं आहे. ते नाव त्यांनी वापरावं.

आणि आपल्यापैकी ज्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आशाताई आहेत त्यांना एक सांगणं. बहुतेकदा मोजणीचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. ते मूळ कामावरचं ओझं असतं, हे मी जाणते. तरी दारात उभ्या राहाल तेव्हा उत्तर सुचवू नका. क्षणभर थांबा. प्रश्न विचारा आणि बाईला बोलू द्या. माझ्याकडून झालं ते तुमच्याकडून होऊ नये, एवढ्यासाठी तर आरंभी ती कबुली दिली.

त्या मावशी अजून त्याच वस्तीत आहेत. थोरल्याचं लग्न झालं, सून आली. सून अहिल्यानगर जिल्ह्यातली. आता सासू-सुना मिळून सहा घरं धरतात. मागच्या महिन्यात भेटले तेव्हा मी जनगणनेचं सांगितलं. आता सुनेला विचारतील, कशासाठी आलीस, असंही म्हटलं. मावशी हसल्या आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “नीट सांग गं बाई. न्हाईतर ह्या ताई लग्न म्हणून लिहून टाकतील.”

तुमची पत्रं येऊ द्या. तुमच्या नावापुढे आजवर काय लिहिलं गेलं, आणि खरं कारण काय होतं, ते कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवत आहोत.